जिन्यावरचं शेवाळ

वाराणसी छावणी,
रविवार, २ सप्टेंबर १९७३

चि. कालिंदीस,

'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहू की आमच्या ख्रिस्ती मंडळीतला 'सप्रेम सलाम', या विचारात एक कागद फुकट गेला. दोन्ही घे. इकडे सर्व क्षेम. इंदूचे गुडघे हवेप्रमाणे चालतात, म्हणजे चालत नाहीत. रेल्वेच्या कचेरीत पंखा फिरतो, फायली फिरत नाहीत.

तुझं पत्र ब्रह्मा घाटावरून इथे पोचायला चार दिवस लागले. कासवाच्या पाठीवर बांधलं असतंस तर लवकर आलं असतं. त्यात लिहितेस, थोरल्या बिंदुमाधवदादाचा उजवा हात अजून लेखणी धरत नाही, पितृपक्षात देशावरचे यजमान येतील, त्यांच्या पिढ्यांची नावं आपल्या पुरोहितीच्या वहीत कोण लिहिणार? 'रतनदादा, तुझं अक्षर थेट आप्पांचं. येशील का? दादाला अजून विचारलेलं नाही.'

वाचून मला आधी राग आला. हसू नकोस, मला कशानेही आधी रागच येतो. बाप्तिस्म्याला अकरा वर्षं झाली. पाणी डोक्यावर पडलं, जिभेपर्यंत उतरायला वेळ लागतोय.

आमच्या पादरीसाहेबांनी मला पथ्य घातलंय. पत्र लिहायचं, सात दिवस बायबलात दाबून ठेवायचं, मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मगच टपालात टाकायचं. "रतनबाबू, गुस्सा सात दिन में बासी हो जाता है. सच नहीं होता." माझं बायबल उशीएवढं फुगलंय. कचेरीतल्या साहेबाला लिहिलेली चार पत्रं त्यातच राहिली, म्हणून नोकरी राहिली.

तुला लिहिलेलं पहिलं पत्र ऐकून इंदू म्हणाली, "हे पत्र आहे का वकिलाची नोटीस?" त्यात सगळे दादाचेच गुन्हे होते. आप्पांच्या, आपल्याच बापाच्या, तेराव्याला मला बाहेर जिन्यापाशी बसवलं, पत्रावळ तिथे आणली, वर "तुझा देव वेगळा, तुझी पंगत वेगळी" म्हणाला. सगळं खरं. तरी फाडलं. दुसऱ्यात, त्याच दिवशी दादा ज्या जिन्यावरून पडला त्याच्या शेवाळाचं वर्णन होतं, फार सुरेख जमलं होतं. इंदूने एवढंच विचारलं, "फाल्गुनात शेवाळ?"

तेही फाडलं.

मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भावाशी बिनसलं असेल त्याने आधी समेट करावा, मग भाकरीला हात लावावा, अशी रीत. सहा महिने प्याला जवळ आला की मला खोकला येतो आणि मी उठून बाहेर जातो. आज पादरीसाहेबांनी दारात गाठून विचारलं, "दवा ले रहे हैं?"

कालिंदी, शेवाळ नव्हतं. जिना कोरडा ठणठणीत होता. दादा पत्रावळ ठेवायला वाकला आणि मी त्याला ढकललं. चार पायऱ्या. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्या क्षणी, देव क्षमा करो, मला बरं वाटलं.

पाय घसरला, हे तुम्हां सगळ्यांना दादाने सांगितलं. मी फक्त मान डोलावली. सहा महिने तो तेच सांगतोय आणि सहा महिने मला त्याचाच संताप येतोय. मोठा आलाय उपकार करणारा! चार शिव्या हासडल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. आता मी कुणावर ओरडू?

या पत्राला सात दिवस दिलेले नाहीत. दिले तर तिसरंही फाडेन. इंदूला आत्ताच वाचून दाखवलं. तिने तिकीट लावलेला लिफाफा समोर ठेवला आणि बाहेर जाऊन बसली.

हे दादासमोर मोठ्याने वाच. माझं खोटं त्याने पुष्कळ वाहिलं.

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी तेरा तारखेला, सकाळी सातला दौत-टाक घेऊन येतो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसेन. वही तिथे दिलीत तर तिथेच लिहीन. "नीघ" म्हणाला तर निघेन. उलट उत्तर तोंडून जाऊ नये, एवढीच प्रार्थना सध्या करतो. रोज करतो, आणि रोज मध्येच दादाला द्यायचं एखादं झणझणीत उत्तर सुचतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

हात फार दुखतो का गं त्याचा?

तुझा,
ज्याने ढकललं तो,
रतन