त्याचे, त्यांचे आणि एक अनुस्वार

ज्याच्या कृपेने तुटलेले सांधते आणि ज्याच्याच इच्छेने सांधलेले सुटते, त्या दयाघनास वंदन करून मगच विषयास हात घालतो.

स्नेहांकित व्याहीबुवांस सादर नमस्कार. आपला दमा कसा आहे? विहीणबाईंचा गुडघा वळू लागला काय? इकडील सर्व क्षेम. (क्षेम हा शब्द सवयीने उतरला, खोडाखोड शोभत नाही म्हणून राहू देतो.) आपणास 'व्याही' म्हणण्याचा माझा अधिकार काल दुपारी संपुष्टात आला. सोयरीक जुळली की भाषा नाव देते. ती सुटल्यावर एकमेकांस काय म्हणावे, हे मात्र एकाही कोशकारास सुचले नाही. तेव्हा जुनेच नाव चालवून घ्यावे.

आपली कन्या व माझे चिरंजीव विभक्त झाले, हे आपण जाणताच. हे घर महिनाअखेर नव्या मालकाच्या ताब्यात जाईल, आणि ज्या मागच्या खोलीत बसून मी हे लिहितो तीही त्यासोबत जाईल. खोलीतील म्हाताऱ्याने कोठे जावे, हा विषय कोणी काढला नव्हता. विचारल्यावाचून बोलू नये अशी मला शिकवण असल्याने मीही काढला नाही.

राहिले घरातले सामान. पतिपत्नी ही एकाच देहाची दोन अंगे, असे स्मृतिकार सांगतात; त्या देहाची वाटणी झाल्यास मिक्सर कोणत्या अंगाकडे जावा, याविषयी ते मौन पाळतात. न्यायालयाने नेमलेल्या मध्यस्थ बाई मौन पाळणाऱ्यांतल्या नव्हेत. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवा. त्याची असेल ती तो नेईल, तिची ती नेईल, दोघांची असेल ती विकून निम्मे निम्मे, असे त्यांचे एकश्लोकी धर्मशास्त्र. माझे अक्षर वळणदार, आणि कोणाचीच बाजू घेण्याची मला छाती नाही, म्हणून लेखनिक मी.

चिरंजीवांच्या वस्तूंवर 'त्याचे' असे लिहिले. आपल्या कन्येच्या वस्तूंपाशी लेखणी अडली. सून होती तोवर 'तिचे' म्हणणे युक्त होते. आता ती परक्या घरची स्त्री, तिचा एकेरी उल्लेख हा शिष्टाचाराचा भंग. म्हणून शिलाई मशीन, कापडाचे कपाट, इस्त्री, उभा आरसा अशा सत्तावीस वस्तूंवर मी आदरपूर्वक 'त्यांचे' असे लिहिले, आणि अनुस्वार तर असे ठसठशीत दिले की दुरूनही दिसावेत.

दिसले. काल बाई आल्या, त्यांनी 'त्यांचे' म्हणजे दोघांचे असे वाचले, आणि सत्तावीसही वस्तू विक्रीच्या यादीत घातल्या. ज्या मशीनवर आपली कन्या उद्यापासून पोट भरणार, ते एका टिंबाखाली चिरडले. चिरंजीवांना खरा अर्थ ठाऊक होता. पण नेमका त्याच क्षणी त्यांना छताचा पंखा निरखायचा होता. (व्याकरण त्यांना मीच शिकवले. मौनाचे महत्त्वही मीच.)

आपली कन्या माझ्याकडे वळली. "बाबा, अकरा वर्षं 'अगं' म्हणून हाक मारलीत. आजच मान द्यायची काय घाई होती?"

मी उभा राहून आदरार्थी बहुवचनावर विवेचन केले. सातव्या उदाहरणापाशी बाई म्हणाल्या, "आजोबा, पुरे. खोडा आणि 'तिचे' लिहा." लिहिले. यादी मिटता मिटता त्यांनी सहज विचारले, "आणि तुम्ही कुणाकडे?"

"ते माझे वडील आहेत," चिरंजीव म्हणाले.

"मग घेऊन जा," आपली कन्या म्हणाली.

चिरंजीवांची नवी जागा लहान आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथील हवा वृद्धांस मानवत नाही, हे मला तेव्हा कळले. हवेचा इतका अभ्यास त्यांनी केव्हा केला, देव जाणे. आपल्या कन्येने सगळे ऐकून घेतले आणि बाईंना म्हणाली, "लिहा, माझ्याकडे. कायद्यात बसत नसलं तरी लिहा."

विहीणबाईंस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

ता. क. : कन्या रविवारी सामानासह आपल्याकडे येते, हे तिने कळवले असेलच. सामानात एक नग वाढला आहे, हे कळवले नसावे. मला जिना झेपत नाही; तरी ज्या खालच्या खोलीत आपण दुपारी पेंगता, ती रिकामी करून ठेवावी. वर्तमानपत्र आधी आपण वाचावे, इतका त्याग मी करीन.

पुन्हा ता. क. : नकार द्यायचा असल्यास तो टपालानेच द्यावा. तो इकडे पोहोचेतो आम्ही तिकडे पोहोचलेले असू. हे पत्र आपण वाचाल, विहीणबाई आपल्या पाठीमागून वाचतील, वाटेत टपालवाल्यानेही वाचले असेल. वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो, आणि ज्यांच्या घरी तळमजल्यावर खोली आहे त्यांचे किंचित अधिक.