कपाटावरचे फोटो

कर्वेनगर, पुणे
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय नंदा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र. इकडे सगळे मजेत. अभयला बढती मिळाली. सूनबाई मला जागची हलू देत नाही.

यंदा वर्षावासातलं ग्रंथवाचन विहारातल्या बायकांनी माझ्याच घरी ठेवलं. का, तर ताईंना जिना उतरवत नाही! त्या सगळ्या चटईवर, मी एकटी खुर्चीवर. आता बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंपेक्षा मी उंच कशी बसणार? आमच्या अभयनं डोकं चालवलं. टेबलावरचे फोटो उचलून थेट कपाटावर ठेवले. झालं! मला मेणबत्तीसुद्धा लावता येईना. इतकं जपतात गं, एखाद्या दिवशी मलाच कपाटावर ठेवतील.

व्यायाम शिकवायला सृष्टी नावाची फिजिओथेरपिस्ट येते. म्हणाली, "आजी, गुडघा अजून वाकतो. दुखेल, पण मोडणार नाही. तुम्ही दुखायच्या आधीच घाबरता."

असा संताप आला! म्हटलं, "म्हणजे माझं दुखणं खोटं?"

"दुखणं खरंच आहे. पण भीती त्याहून मोठी झालीय."

त्या दिवशी तिला चहासुद्धा विचारला नाही.

पण नंदा, तिचं खरं आहे गं. पाऊल उचलायच्या आधीच मनात येतं, आता मोडला, आता आईसारखी अंथरुणाला खिळले. मग मी बसूनच राहते. 'गुडघा बरा झाला की येते' हे तुला दर वर्षी लिहिते, तेही बसूनच.

काल वाचनाच्या वेळी डोकंच फिरलं. म्हटलं, "अभय, फोटो खाली घे."

"अगं आई, मग तू?"

"मी खाली बसेन."

बायका "अहो ताई, अहो ताई" करत धावल्या. कॉटला धरून बसले. अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण मोडलं काही नाही. उठताना कॉटपर्यंत रांगत गेले, तेव्हा सगळ्या हसल्या, मीही हसले. मेणबत्ती मात्र मीच लावली.

तू लिहिलं होतंस, "ताई, मला आता उठवत नाही, तूच ये." त्या ओळीला मी उत्तरच देत नव्हते. हा गुडघा काही बरा व्हायचा नाही, आणि त्याची वाट बघत बसले तर तू भेटायची नाहीस. अभयला दसऱ्याआधीचं नागपूरचं तिकीट काढायला सांगितलंय. माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवू नकोस. तुझ्या अंथरुणाशेजारी खाली बसेन.

दुखऱ्या गुडघ्यासकट येणारी,
तुझी विमलताई