मोज्यांखालचा गणपती

बंगळूर, ८ डिसेंबर १९५८

ती. सौ. आईस उमाकांतचा नमस्कार.

मला कोणी बाटवलेलं नाही, तेव्हा आधी पोटभर जेव बघू.

घरमालकीण फिलोमिनाअम्मा ख्रिस्ती आहेत. मी देव मानत नाही म्हटल्यावर, 'हा नक्की पिणारा' असं समजून पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ट्रंक उघडायला लावली. तळाशी मोज्यांखाली निघाला तू दिलेला गणपती! मला वाटलं, आता हा जाणार आणि येशूची तसबीर येणार.

त्या माझ्यावरच भडकल्या. "देवाला नाही, आईला तरी मानतोस ना?" गणपती पुसून टेबलावर ठेवला. तुझ्या वतीनं रोज त्याच्यापुढे फूलही ठेवतात.

तुझा गुडघा कसा आहे?

काल त्या चर्चला गेल्या होत्या, म्हणून फूल मी ठेवलं. तुझ्यासाठी हं, त्याच्यासाठी नव्हे!

तुझा नास्तिक,
उमाकांत