आपट्यावरची हरकत

तात्या,

‘प्रिय’ लिहायला हात धजला नाही, आणि ‘श्रीयुत’ लिहिलं तर तुम्ही हसला असता. म्हणून नुसतंच तात्या.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुमच्याविषयी मात्र एक पत्र मी नऊ वर्षांपूर्वी लिहिलं होतं, महापालिकेच्या उद्यान विभागाला. तुम्ही ते वाचलं होतंत. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, दहावीच्या मुलांकडून पत्रलेखन घोटून घेतलं. तक्रारपत्रात माझ्या वर्गातल्या कुणाचा गुण सहसा जात नसे. पण गेलेल्या शेजाऱ्याला कसं लिहायचं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आज खंडेनवमी. खुरपं, कात्री, झारी सगळं घासूनपुसून पाटावर मांडलंय, हळदकुंकू वाहिलंय. दुपारचे तीन वाजलेत आणि बागेत आज काही करायचं नाही, कारण हत्यारं पूजेत आहेत. उद्या दसरा. उद्या सकाळी मला एक काम करायचंय आणि त्याची मला भीती वाटतेय. आधी तुम्हाला सांगून टाकलं म्हणजे जिभेला सवय होईल, एवढाच हेतू.

आम्ही सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून धनकवडीला तुमच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा मला बागेतलं काय येत होतं? खिडकीतली एक तुळस, तीही दर उन्हाळ्यात जळायची. पहिल्याच दिवशी तुम्ही भिंतीवरून डोकावलात आणि म्हणालात, “ताई, तुमचं सैपाकघर जिथं हाय ना, तिथं आमची ज्वारी असायची.” मी ‘हो का’ म्हटलं. सगळं रान प्लॉट पाडून विकलंत आणि बांधावरचं एक आपट्याचं झाड तेवढं ठेवलंत. आमच्यातुमच्यातली भिंत त्याच्या अगदी कुशीतून गेली.

बाग तुम्ही शिकवलीत. झेंडूचं रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडायचा, हे ऐकून माझा जीव वरखाली झाला होता. आठवतं? “खुडा ताई, घाबरताय काय! खुडल्याबिगर फुटवा येत न्हाई.” मग माझं वर्षच सणांच्या मापानं चालायला लागलं. गणपतीला गोकर्ण, दसऱ्याला झेंडू, दिवाळीला शेवंती. गणपतीच्या आदल्या दिवशी दुर्वा आणि आघाडा तुमच्याकडून भिंतीवर यायचा, न मागता.

एकदा मी अधिक महिना विसरले. दरवर्षीची इंग्रजी तारीख धरून बी टाकलं आणि झेंडू ऐन पितृपक्षात फुलून मोकळा झाला! तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिलात. “ताई, फुलांना पंचांग वाचून दाखवत जावा.” मी रागावले होते. पण दुसऱ्या वर्षी कॅलेंडर बघूनच बी पेरलं.

आणि आमचे हे! पेठेतले मित्र पेठेत राहिले आणि नवे करण्याचा यांचा स्वभाव नाही. पण रविवारी सकाळी भिंतीच्या या बाजूला हे आणि त्या बाजूला तुम्ही, मध्ये भिंतीवर दोन कप. बोलायचात काय, देवच जाणे. मी ऐकलं तेव्हा बहुतेक वेळा कुणीच काही बोलत नव्हतं.

दसऱ्याला संध्याकाळी पांढरी टोपी घालून तुम्ही सोनं घेऊन यायचात. “सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा.” हे वयानं लहान, म्हणून वाकायचे. तुम्ही त्यांना अर्ध्यातच उठवायचात.

हे सगळं छान होतं, नाही का? ते मी मोडलं.

नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी लोक तुमच्या आपट्यावर तुटून पडले. फांद्या आमच्या बाजूला झुकलेल्या, म्हणून भिंतीवर चढून लोक आमच्याकडे उतरले. सगळ्या दारांच्या तोरणांसाठी वाढवलेला माझा झेंडूचा वाफा पायाखाली सपाट झाला. एक गृहस्थ तर माझ्याच झेंडूत उभे राहून मला म्हणाले, “आजी, एखादी पिशवी असेल का हो?” आजी! छप्पन्न वर्षांच्या बाईला!

मी तरातरा तुमच्याकडे आले. तुम्ही हसलात. “सणाचं झाड हाय ताई, लोकं येणारच. झेंडू काय, परत येईल.” तुम्ही समजूत काढायला हसलात, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीला हसतोय.

दुसऱ्याच दिवशी मी महापालिकेत चौकशी केली. फांद्यांचा त्रास होतो म्हणून झाड काढत नाहीत, कुठे धोका असेल तर बघतात, असं कळलं. मी घरी आले आणि भिंतीला गेलेला तडा बघत उभी राहिले. मग अर्ज लिहिला. ‘सदर वृक्षाच्या मुळांमुळे आमच्या कुंपणभिंतीस तडा गेला असून जीवितास धोका संभवतो.’ मजकूर मुद्देसूद, भाषा संयत, अक्षर वळणदार.

आणि खोटा.

तात्या, तो तडा तुमच्या झाडानं पाडलेला नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी फुकट जातंय म्हणून मी त्याचा पाइप भिंतीच्या कडेनं खाली आणून झेंडूच्या वाफ्यात सोडला होता. प्लंबर तेव्हाच म्हणाला होता, “बाई, भिंतीच्या पायात पाणी सोडू नका, भिंत बसेल.” मी म्हटलं, बसू दे, झेंडू तर उभा राहील! दोन वर्षांत तडा गेला. मी गुपचूप पाइप काढून टाकला. यांना सांगितलं नाही, कारण हे त्या पाइपला सुरुवातीपासूनच नको म्हणत होते.

तुम्हाला चौकशीचं पत्र आलं, त्यासोबत माझ्या अर्जाची प्रत. तुम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या स्वतः छाटल्यात आणि प्रकरण तिथेच मिटलं. मग तडा बघायला आलात. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे होतात. म्हणालात, “मी बांधून देतो.” हे तुम्हाला काय काय बोलले! “झाड ठेवायची हौस आहे ना, मग दुसऱ्याच्या घराचं नुकसान कशाला? आम्हाला तुमचे उपकार नकोत.” हे माझ्या शब्दावर विसंबून बोलत होते. मी स्वयंपाकघरात होते. तिथून सगळं ऐकू येत होतं. मी कणीक मळत राहिले.

तेव्हा बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर? किती सोपं होतं ते!

त्या वर्षापासून तुम्ही दसऱ्याला आला नाहीत. रविवारचे कप बंद झाले. दुर्वा मात्र दर गणपतीला भिंतीवर येत राहिल्या, हाक न मारता ठेवलेल्या. मला तो टोमणा वाटायचा. पुण्यात एवढी वर्षं काढल्यावर माणसाला सरळ वागण्यातही टोमणा दिसायला लागतो.

तुम्ही या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात. मी येऊन दर्शन घेऊन गेले. हे आले नाहीत. बूट घालून खुर्चीत बसले होते, अर्ध्या तासानं बूट काढून ठेवले.

आता मुद्द्याचं. यंदा गणपती गेले आणि चार दिवसांनी आपट्याच्या खोडाला नोटीस लागली. वृक्ष काढण्याची परवानगी मागितली आहे, अर्जदार तुमचा मुलगा विलास, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. कारण काय? ‘शेजाऱ्यांच्या भिंतीस धोका.’ खाली माझ्या तक्रारीचा उल्लेख. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझंच कारण होतं!

मला वाटलं, गाडी लावायला जागा हवी असेल आणि माझा कागद आयता सापडला. मनात विलासला बरंच काही बोलून घेतलं. तुमच्याविषयीही वाटलं, काय माणूस हा! शेजारणीचा अर्ज सातबाऱ्याच्या फाइलीत जपून ठेवतो!

हरकत घ्यायची म्हणजे लिहावं लागणार की भिंतीचा तडा झाडामुळे नाही. मग कशामुळे? आणि हे आधी ठाऊक होतं का? पाच दिवस मी काहीच केलं नाही. सहाव्या दिवशी अर्ज लिहिला. साध्या अक्षरात, चार ओळी. ‘माझी पूर्वीची तक्रार खोटी होती.’ हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

स्वारगेटला बस बदलून ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “मॅडम, तक्रारही तुमची आणि हरकतही तुमचीच?”

“हो. सही ताडून बघा.”

“का बरं खोटं लिहिलंत?”

“झेंडू तुडवला म्हणून.”

ते हसले नाहीत. येऊन बघतो म्हणाले. मी सकाळी सातची वेळ मागून घेतली, कारण तेव्हा हे हास्यक्लबला जातात. नऊ वर्षांनी खरं बोलायला निघाले ते असं, नवऱ्याला चुकवून!

साहेब आले. विलासही आला. मी पाइपच्या खिळ्यांची भोकं दाखवली, भिंतीवरचा पाण्याचा काळा ओघळ दाखवला. साहेबांनी खाली बसून मुळं कुठे गेलीत ते पाहिलं. “मुळं इकडे नाहीतच,” म्हणाले. मग झाडाकडे बघून, “खरा आपटा आहे हा. बाजारात आपटा म्हणून सगळा कांचन खपवतात.”

विलास भिंतीवरच्या त्या ओघळाकडे बघत होता. मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“काकू,” तो म्हणाला, “मला स्वतःला हे झाड काढायचं नव्हतं. तात्या दवाखान्यात होते तेव्हा बोलले, ताईंची भिंत आपल्या झाडापायी गेली. माझ्या देखत तोडू नको. माघारी काढ.”

मी खिळ्याच्या भोकावर ठेवलेलं बोट काढून घेतलं.

“दर दसऱ्याला टोपी घालून निघायचे. तुमच्या फाटकापर्यंत जायचे आन् माघारी यायचे. मी म्हणायचो, जा की आत. तर म्हणायचे, त्यांचं घर चिरलंय आपल्यामुळं, कंच्या तोंडानं सोनं देऊ?”

मला रडू आलं नाही, तात्या. लाज वाटली. मी नऊ वर्षं समजत होते की तुम्ही रागावला आहात. रागावलेल्या माणसाशी अबोला धरणं सोपं असतं, त्यात आपणही थोडे बरोबर असतो. तुम्ही शरमत होतात! माझ्या पाइपासाठी! फाटकापर्यंत येऊन!

एवढं का सोसलंत हो? एकदा कचकचून भांडायचं होतं. ‘दाखवा मूळ’ म्हणून भिंत खणायची होती. मी चिडून खरं बोलून गेले असते. कदाचित. खात्री देत नाही, मी स्वतःला ओळखते.

विलासनं अर्ज मागे घेतला. जाताना एवढंच म्हणाला, “हे तात्या असताना बोलला असता तर.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी ‘हो’ म्हटलं.

तर झाड राहिलं आहे. तुमच्याकडे यंदा सण नाही, म्हणून विलासनं फाटक बंद ठेवायचं ठरवलंय. लोक काय, भिंतीवरून येतीलच. येऊ देत. झेंडू यंदा बरा आलाय, आणि तुडवला गेला तरी मी अर्ज लिहिणार नाही.

ऑफिसला कळलं, विलासला कळलं. राहिलेत ते आमचे हे. यांना अजून वाटतं की झाडानं भिंत फोडली आणि तुम्ही उलट्या काळजाचे निघालात. रविवारी चहा झाला की कप घेऊन हे अजून त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. एकच मित्र होता यांना, आणि तो मी घालवला. हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्यांना ते सांगू शकेल अशी आता मी एकटीच आहे. विलास सांगणार नाही, तुमचाच मुलगा तो.

म्हणून तुम्हाला वचन देते. उद्या सकाळी, पहिल्या चहाच्या आधी, मी यांना सगळं सांगेन. पाइप, अर्ज, मळत राहिलेली कणीक, तुमचं फाटकापर्यंत येणं. काही गाळणार नाही आणि स्वतःसाठी एकही कारण जोडणार नाही. हे ओरडतील, किंवा ओरडणार नाहीत. ऐकून घेईन. आणि हे जर उठून, बूट घालून, तुम्हाला भेटायला म्हणून निघाले, तर मी त्यांना अडवणार नाही, आणि तुम्ही नाही आहात याची आठवणही करून देणार नाही.

भिंतीपलीकडची,
सुनंदा