दादाने टाकलेली रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार

लॅपटॉप चालू केला, चहा केला, प्यायले, कप विसळला — तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. पुढच्या गुरुवारी मुलाखत. व्हिडिओवर! बोलता बोलता त्यांच्या फाइलमध्ये कामही करून दाखवायचं. दोन्ही एकदम उघडलं की हा गार. पंधरा वर्षांनी कुणी नोकरीला बोलावतंय, आणि मी तोंड वासलेल्या अवस्थेत गोठणार.

नवरा म्हणाला, "भंगारात दे." मी ठणकावलं — सहा वर्षांपूर्वी दादाने यात जास्तीची रॅम टाकली आहे, चांगलं मशीन आहे. नवरा छताकडे बघत बसला. माझा भाऊ आमच्या घराण्याचा कॉम्प्युटर-तज्ज्ञ, ते याला बघवत नाही.

५ नोव्हेंबर

दादाला फोन. आणखी रॅम टाकता येईल का? "तू हात लावू नकोस, मी येतो."

६ नोव्हेंबर

आला नाही. गाडी बिघडली.

७ नोव्हेंबर

आज पाठ धरली आहे म्हणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. "रॅमची पट्टी देतो, पण खाच जुळायला हवी. आतली जुनी काढून आणा." काढायची कुणी? "तुम्हीच. चार स्क्रू तर आहेत."

दादाला सांगितलं. "उघडू नकोस गं, सगळं बिघडेल." आवाज जरा विचित्रच होता. पण मुलाखत काय त्याच्या पाठीसाठी थांबणार आहे?

९ नोव्हेंबर, रविवार

उघडला. शेवटच्या स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का, फाटल्यास हमी रद्द. शिक्का अगदी शाबूत होता. मीच नखाने फाडला. आत रॅमच्या दोन जागा. एकीत पट्टी, दुसरीत धूळ.

म्हणजे याच्या पोटात आजवर कुणाचाच हात गेलेला नाही! दादाने तेव्हा आठ दिवस ठेवून घेतला होता. परत देताना म्हणाला, "आता बघ कसा पळतो." आणि मला तो पळताना दिसलाही. त्यावरून नवऱ्याशी किती भांडले असेन.

हसू आलं, पण राग जास्त आला. पुढच्या रविवारी आईकडे जेवायला सगळे जमणार आहेत. तिथेच काढते विषय. शिक्क्याचे तुकडे डबीत ठेवलेत.

१० नोव्हेंबर

नवी पट्टी लावली. पडदा काळा ठिक्कर. हात दादाच्या नंबरकडे गेला — सवय! मग दुरुस्तीवाल्याला लावला. "खट् वाजलं का?" नाही. "मग दाबा की. मोडत नाही. पहिल्यांदा सगळे घाबरतात."

पुन्हा काढली, तिरकी घातली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्. चहाला उकळी फुटायच्या आत चालू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाखतीत लॅपटॉप एकदाही अडकला नाही. मीच दोनदा अडकले. तरी संध्याकाळी फोन आला — एक तारखेपासून या. स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

नवरा म्हणाला, "दादाची रॅम कामी आली म्हणायची." मी नुसतं हो म्हटलं. का, कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईकडे. डबी पर्समध्ये. पानं घ्यायच्या आधी दादाने मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. पलंगावर त्याचा लॅपटॉप, शेजारी नवाकोरा स्क्रूड्रायव्हर. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला शिकवशील? मी आजवर एकही उघडलेला नाही. सगळे मलाच विचारायचे, नाही म्हणायची लाज वाटायची."

"सरक," मी म्हटलं. "आधी बॅटरी काढायची."