मायना काय लिहू?

वडगाव रासाई, शुक्रवार, १२ जून १९९८

दौंडहून संजयचं पत्र आलं. साखरपुड्यानंतरचं पहिलंच. मायना ‘लाडके’. चार पानं भरून लिहिलंय, पण साखरपुड्याच्या दिवशी मी विचारलेल्याचं उत्तर कुठेच नाही. लग्नानंतर बी.एड. करायचंय म्हटलं, तेव्हाही तो नुसता हसला होता.

‘लाडके’ वाचून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? पुन्हा पुन्हा वाचलं. पण नुसते लाड घेऊन मी काय करू?

उत्तर लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. ‘प्रिय’ लिहिलं तर त्याला वाटेल, विषय मिटला. ‘आदरणीय’ लिहिलं तर परवानगी मागितल्यासारखं होईल.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “तीर्थरूप लिव की!”

“अगं, ते वडलांना लिहितात.”

“मग? आत्तापासनं नाव घेतीस व्हय त्याचं?”

आबा अंगणातून हसत म्हणाले, “आपल्या मानसाला आपुन काय म्हनतो, पोरी? तेच लिव.”

लिहिलं. ‘सप्रेम जयभीम.’ आणि पहिल्याच ओळीत: मी बी.एड. करणार आहे, तुमची साथ आहे का, तेवढं स्पष्ट कळवा.

हो म्हणाला, तर ‘लाडके’ला शोभेल असा मायना मीही शोधीन. नाही म्हणाला, तर अजून साखरपुडाच झालाय.

पाकीट चिकटवलं. बी.एड.चा फॉर्म सोमवारी शिरूरला जाऊन भरतेच आहे, उत्तर येवो न येवो.