पाद्रीबाबाचं वर काढणं

मु. रेवदंडा, जिल्हा कुलाबा
मार्गशीर्ष शु. ४, गुरुवार

राजमान्य राजश्री दत्तोपंत, वास्तव्य पाली, यांसी बालमित्र त्रिंबक याचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे हल्ली दुमडत नाहीत, तेव्हा आठांतली दोन अंगे वजा जाता उरेल तेवढा नमस्कार पोचता समजावा.) येथील क्षेम. तुझा खोकला, वहिनींची कंबर आणि तुझ्या शाळेचे गळके छप्पर या तिन्हींचे वर्तमान सविस्तर कळवावे. गेल्या खेपेस छपराचे लिहिलेस आणि खोकल्याचे गाळलेस, त्यावरून खोकला वाढला असे मी धरून चालतो.

आता तक्रार. तुझ्या कार्डाच्या शेवटी ‘सप्रेम सलाम’ अशी अक्षरे आहेत. मी ती तीनदा वाचली आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. वाईच्या पाठशाळेत आपण एका वळचणीखाली बसून सात वर्षे रूपे घोकली. मी ख्रिस्ती झालो त्या वर्षी तू मला आठ पानी पत्र लिहून शास्त्राधारे रौरवात धाडलेस, आणि त्या पत्राच्या शेवटीही ‘लोभ आहेच, तो वाढावा, नमस्कार’ असे होते. रौरवात धाडलेल्या माणसाला नमस्कार घालणारा मित्र मला अठरा वर्षे पुरला. आता एकाएकी हा सलाम कशासाठी? आमच्या मंडळीत सलाम घालतात हे खरे. दर रविवारी मी चाळीसेक सलाम घेतो आणि तितकेच परत करतो. पण तू तो घालणे म्हणजे घरच्या माणसाने ‘पाहुणे, पाणी घेता का?’ असे विचारणे. ही चूक पुढील पत्री दुरुस्त व्हावी. न झाल्यास मी तुला ‘डिअर सर’ असे लिहीन.

दौरा कसा चालला आहे, असे विचारतोस. दौरा म्हणजे एक ट्रंक, एक छत्री, एक पेटी (वाजवायची, तिचा एक सूर पावसाळ्यापासून मुका आहे, त्यामुळे आमची सगळी भजने त्या जागी श्वास घेतात) आणि मी. गेल्या वर्षापासून वरच्या अंगाला मोटारलॉरी धावते म्हणतात, पण माझी गावे लॉरीच्या वाटेवर नाहीत. खाडीच्या अलीकडे इंग्रज सरकार, पलीकडे जंजिऱ्याचा नवाब आणि मधल्या पाण्यावर अलीमियाँ. हा साळावला उतारू नेणाऱ्या होडीचा मालक. दहा वर्षे मला इकडून तिकडे नेतो आणि दर खेपेला विचारतो, ‘काय पंडितजी, आज कोन गावला?’ कोणी नाही म्हटले की माझ्यापेक्षा तोच जास्त हळहळतो. मागच्या महिन्यात काशीदला एका घरी मला ब्राह्मण समजून केळीच्या पानावर दूधभात वाढला. मी खरे ते सांगितले, तेव्हा घरधनीण कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अगोदर बोलायचं न्हाय का? चुलीवर कालवन हाय की!’ आणि दूधभात उचलून भिंगी मासळीचे कालवण पुढे आले. ख्रिस्ती होऊन अठरा वर्षे झाली, पण काटे काढण्याचे शास्त्र मला अजून अवगत नाही. त्यापेक्षा समास सोपे.

असो. सांगायची गोष्ट एका शब्दाची आहे. इतर मिशनांतले पाद्री बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर पाणी शिंपडतात आणि जेवायला मोकळे होतात. आम्ही बाप्टिस्ट लोक अख्खा माणूस शेंडीपासून टाचेपर्यंत पाण्याखाली घालतो. जुना माणूस पुरला आणि नवा उठला, असा त्याचा अर्थ. (हे मी तुला पूर्वीच समजावले आहे. ‘मग आमचे गंगास्नान काय वाईट?’ असे तू म्हणाला होतास, तेही मी विसरलेलो नाही.) तर येथे खाडीकाठी कोळ्यांचा एक वाडा आहे. तेथे पहिल्या दिवशी मी पेटी वाजवून चांगली पन्नास डोकी जमवली आणि आवाज चढवून म्हणालो, ‘बंधुभगिनींनो, बुडायला तयार व्हा!’ दत्तू, सगळी जमात उठून गेली. एक म्हातारी जाताना माझ्याकडे बघून दहाही बोटे मोडून गेली. मागे उरली ती दोन कुत्री, आणि त्यांचेही लक्ष ट्रंकेतल्या भाकरीकडे होते.

मागाहून कळले की या वाड्यात तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही. आपण नाही का, दुकान बंद केले तरी वाढवले म्हणतो, बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. ज्याची होडी परत आली नाही तो ‘राहिला’. कोणाचा मामा शिमग्याच्या सुमारास राहिला, कोणाचा पोरगा लग्नाच्या आदल्या महिन्यात राहिला. जणू कोणी आग्रह करून त्याला जेवायला ठेवून घेतले आहे. आणि असल्या माणसांपुढे मी कोट घालून, पेटीच्या साथीने, तो शब्द ओरडलो होतो.

मग दुसऱ्या शब्दाचा शोध सुरू झाला. मला वाटले, हे तर आपले घरचे काम. आधी ‘निमज्जन’ काढले. लोकांना ते औषध वाटले, आणि एकाने ते जेवणाआधी घ्यायचे की जेवणानंतर, असे विचारले. मग ‘अवगाहन’. त्यावर सदा भंडारी (हा पहाटे माडावर चढून माडी काढतो आणि दिवसभर खरे बोलत फिरतो) म्हणाला, ‘पाद्रीबाबा, याच्यापरीस तुमचा पैला शब्द बरा व्हता, निदान कललं तरी.’ ‘डुबकी’ म्हटले तर पोरे हसली. शेवटी मी अगदी घरगुती शब्द निवडला, ‘न्हाण’. आणि वाड्यातल्या झाडून साऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बोटे मोडणारी ती म्हातारी, नीराबाई तिचे नाव, कमरेवर हात ठेवून पुढे आली. म्हणाली, ‘साठ वर्सांच्या बाईला न्हान आनतोस व्हय रं मेल्या? मंग मखरात पन बसव!’ पुढले दोन दिवस मला बघून वाड्यातल्या बायका एकमेकींना मखराला केळीचे खांब कुठून आणायचे ते विचारीत होत्या.

या नीराबाईविषयी नीट सांगितले पाहिजे. तिचा नवरा तुकाराम आणि थोरला मुलगा हे दोघे एकाच दिवशी, एकाच होडीत राहिले. त्याला सोळा वर्षे झाली. त्या दिवसापासून ती घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली नाही. होडी लागली की बाकीच्या बायका कासोटा मारून पाण्यात धावतात, ही कोरड्या वाळूवर उभी राहून पाटी पुढे करते, आणि दर्यावर तोंडसुख घेत राहते. तरी माझ्या प्रवचनाला ती रोज येऊ लागली. रोज शेवटी तिचा एकच प्रश्न. ‘तुजा देव पान्यावरनं चालला म्हनतोस. बरं. पन पान्याखालच्यांचं काय?’ याचे उत्तर आमच्या मिशनच्या गोऱ्या साहेबांनी दिलेल्या पुस्तकांत नाही आणि आपल्या गुरुजींपाशीही नव्हते. आठ दिवस मी काहीबाही सांगून पाहिले. नवव्या दिवशी म्हणालो, ‘नीराबाई, मला ठाऊक नाही.’ (प्रचारकाने असे म्हणू नये, अशी आम्हांस लेखी सूचना आहे.) ती म्हणाली, ‘हां. आता कसं मानसावानी बोललास.’ त्या दिवसापासून ती माझे खरोखर ऐकू लागली.

शब्दही तिनेच दिला. एकदा मासळी निवडता निवडता विचारू लागली, ‘तू मानसाला खाली नेतोस?’ मी हो म्हटले. ‘आनि वर काडतोस?’ म्हटले, लगेच काढतो. ‘मंग येड्या, खाली नेतोस त्याचा डांगोरा कशाला पिटतोस? वर काडतोस त्याचं नाव सांग की!’ दत्तू, सात वर्षे पाठशाळेत आणि तीन वर्षे मिशनच्या शाळेत घालवून मला हे सुचले नव्हते. सगळा अर्थ तेवढ्यात आला. आता वाड्यात आमच्या विधीला ‘पाद्रीबाबाचं वर काढणं’ असेच म्हणतात, आणि लहान मुलेदेखील ते न भिता म्हणतात.

पहिला मान सदाने घेतला. साहेबांनी छापील कॅलेंडर बघून रविवारी सकाळी दहाची वेळ नेमली. तो रविवार वद्य अष्टमीचा. अष्टमीच्या दुपारी इथे सुकती, म्हणजे ओहोटी, असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण कॅलेंडराला शेंबूड नसल्यामुळे ते ठाऊक नव्हते. मी पांढऱ्या झग्यात उभा, सदा पांढऱ्या धोतरात उभा, आणि समुद्र आमच्याकडे पाठ करून पाव कोस लांब चाललेला. मधे गुडघाभर चिखल. अलीमियाँ आपल्या होडीच्या नाळीवर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, ‘पंडितजी, इतवार तुमच्या साहेबाचा, पन दर्या चांदाचा नोकर हाय. साहेबाला बोला, चांदाला येक चिठ्ठी लिव.’ आम्ही तरीही चिखलात शिरलो, माझा एक जोडा त्यात गेला, आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. दिवस कलल्यावर पाणी आपण होऊन काठाला आले, तेव्हा विधी झाला. एक हात सदाच्या छातीवर, दुसरा मानेखाली, असा धरून मी त्याला खाली नेला. आणि वर काढताना शेवाळावरून माझा पाय सरकला. सदा सुटला. क्षणभर दिसेना. मग चार हातांवर हातपाय झाडत आपला आपणच उभा राहिला, नाकातोंडातले पाणी झटकले आणि म्हणाला, ‘निम्मं काम तुमी केलंत, निम्मं मी केलं. आता बाप्तिस्मा कुनी कुनाला दिला?’ सगळा काठ हसला. साहेबही हसले (अर्थ न कळता, पण मनापासून).

नीराबाई हसली नाही. ती कोरडी वाळू सोडून घोट्याएवढ्या पाण्यात आली आणि तिने मला विचारले, ‘हात सुटला का पाय सरकला?’

मी म्हणालो, ‘पाय.’

तिने माझे तोंड न्याहाळले. मग म्हणाली, ‘पायाचं काय न्हाय. पाय समद्यांचेच सरकत्यात. पुडल्या बारीला मला वर काड.’

तेव्हा आता तिची पाळी आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रविवार येतो. या वेळी कॅलेंडर बाजूला ठेवून अलीमियाँला विचारले, आणि साडेअकराची भरती धरली आहे. वाडा तिला समजावून थकला. धाकटी सून केसर हिने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिला नीराबाई म्हणाली, ‘रडतीस कशाला? जरा खाली जाऊन बगून येते. पाद्रीबाबा वर काडतोच.’ हे कानावर आल्यावर मी तिच्याकडे गेलो आणि पुन्हा सगळा अर्थ समजावला; तिथे कोणी भेटत नसते, ही एक खूण आहे, असे सांगितले. तिने निवडायची मासळी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘तुला ठाऊक न्हाय म्हनालास ना? मंग गप ऱ्हा. तू फकस्त हात सोडू नको.’

असे येथील वर्तमान. केवळ तुझ्या करमणुकीसाठी लिहिले आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, भूक लागते, झोप येते. वहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांगावी.

तुझा
त्रिंबक

ता. क. तू दरसाल दत्तजयंतीला चौलला येतोस, तसा यंदाही येशीलच. येताना वहिनींच्या हातची आवळासुपारी आणावी. पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच.

पुन्हा ता. क. आवळासुपारी विसरलास तरी चालेल. मात्र एक दिवस आधी ये. चौलहून रेवदंडा काही लांब नाही. रविवारी अकराला बंदरावर ये आणि धोतराचा काचा घट्ट मारून ये. कृष्णेच्या डोहातून तू मला केसांना धरून काढले होतेस, तेव्हा तुला पाण्यातले कळते हे मी जाणतो. मला नीराबाईच्या दुसऱ्या बाजूला, कमरेइतक्या पाण्यात, एक माणूस उभा हवा आहे. विधीचे शब्द मी हळू म्हणेन. ते तुझ्या अंगावर उडणार नाहीत. पालीला कोणी विचारले तर समुद्रस्नान केले असे सांग, ते खोटे होणार नाही. सदाला किंवा अलीमियाँला सांगू शकलो असतो, पण त्यांना सांगितले की संध्याकाळपर्यंत वाड्याला कळते.

आणखी एक. पाय सरकला नव्हता. शेवाळही नव्हते. उजवा हात कोपरापासून खाली श्रावणापासून मधूनच बधिर होतो, आणि केव्हा होईल ते आधी कळत नाही. अलिबागच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि माझे वय विचारले. घरी बोललो नाही. साहेबांना कळले तर मला कचेरीत बसवतील, बसवोत. पण नीराबाईला खरे सांगितले तर ती पुन्हा पाण्याकडे फिरकणार नाही, आणि न सांगितले तर सोळा वर्षांनी ती पाण्यात उतरेल ती माझ्या एका शब्दावर, आणि तो शब्द खोटा आहे. रोज तिच्या दारापर्यंत जातो आणि मासळीचा भाव विचारून परत येतो. ती खाली जाईल आणि माझ्या हाताला कळणारही नाही की ती सुटली, याचे मला फार भय वाटते.